पहिला पेला ज्याचा त्यानं

सरबताच्या धंद्यात साखर सांडली की मुंग्या येतात, आणि चार सरबतवाले एकत्र बसले की किस्से. मुंग्यांवर पावडर तरी टाकता येते!

हिंगणघाटात आमची सरबतवाल्यांची संघटना आहे. पाटी नाही, ऑफिस नाही. पहिले अध्यक्ष नानाभाऊ, त्यांच्या दुकानापुढचं बाकडं, तेच ऑफिस. सुरुवातीला मी त्यातली एकटीच बाई, म्हणून मला खजिनदार केलं. खजिना मात्र अजून कोणी दाखवला नाही.

एका उन्हाळ्यात कुठून तरी आलेल्या गाडीवाल्याचं भडक लाल पाणी पिऊन बाजारात पोरांना उलट्या झाल्या. तो गेला निघून, आणि लोक आमच्या बाटल्या उन्हात धरून बघायला लागले. नानाभाऊ असे तडकले!

"लायसन तं आहेच आपल्याजवळ, पण लोकायले डोळ्यानं दिसलं पाहिजे. आपला माल आपणच तपासू!"

तेव्हापासून नियम आहे. सिरपची नवी खेप निघाली की पहिला पेला बनवणाऱ्यानं बाकड्यावर, चारचौघांत प्यायचा. मग चूळ भरून सगळ्यांना जीभ दाखवायची. जिभेवर रंग राहिला, की सगळी खेप नालीत. लोक हसतात. हसू देत!

*

प्रकाश आमच्यात सगळ्यात तरुण. लग्नाआधी हा खसच्या सिरपमध्ये रंग अंदाजानं टाकायचा. एक दिवस पेला प्यायला, चूळ भरली, जीभ काढली. हिरवीगार! परत चूळ, परत हिरवी. खेप नालीत गेली.

नेमकं त्याच दुपारी त्याला वडनेरला मुलगी पाहायला जायचं होतं. नानाभाऊंनी बजावलं, "तिथं तोंड उघडू नको बे!"

प्रकाशनं पोहे नाकारले, चहा नाकारला, सगळ्याला नुसती मान डोलावली. शेवटी मुलीच्या वडिलांनी घाबरून विचारलं, "पोरगा मुका आहे का जी?"

"नाई जी!" प्रकाश ओरडला, आणि सगळ्या बैठकीनं ती जीभ पाहिली.

मुलगी खो खो हसली आणि हो म्हणाली. वैशाली आजही सांगते, "ज्याले जीभ लपवता येत नाई, तो माह्याशी खोटं काय बोलीन!" त्यांची पिंकी आता चौथीत आहे. शाळा सुटली की बाकड्यावर बसून बापाची जीभ तपासते.

*

नानाभाऊंना शुगर निघाली. सेवाग्रामच्या डॉक्टरांनी गोड बंद केलं. आता पेला कोण पिणार? त्यांनी बायकोला, शांताबाईंना, पुढे केलं.

"नियम तुमचा अन् जीभ माही? मंग अध्यक्षबी मीच!"

झाल्या अध्यक्ष. पहिल्याच दिवशी त्यांनी नवऱ्याची खेप नालीत ओतायला लावली.

"काऊन? जीभ तं साफ आहे तुही!"

"जीभ साफ आहे, चव फसली."

"चवीचा नियम नाई आपल्यात!"

"आजपासून आहे."

*

एक केटरर माझ्याकडे आला. लग्नाची मोठी ऑर्डर. "काकू, गुलाब जरा भडक करा. फोटोत दिसत नाई."

"मंग फोटोलेच पाजा!" मी म्हटलं.

ऑर्डर गेली. रागारागानं मी संध्याकाळपर्यंत पातेली घासली. माझं एक ठीक आहे, मुलगा कमावता आहे. प्रकाशच्या अशा कितीतरी ऑर्डरी गेल्या. त्याची भट्टी थंड पडली. "काकू, या उन्हाळ्यानंतर शटर खाली," असं तो म्हणायला लागला.

*

आणि मग तो नागपूरचा माणूस आला. टाय, बॅग, गोड बोलणं. त्याला प्रकाशचीच भट्टी हवी होती. ग्लिसरीन आणि फ्लेवर मिसळून छोट्या बाटल्या भरायच्या, बारा महिने काम! प्रकाशनं त्याला बाकड्यावर आणलं. त्याचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला होता.

शांताबाईंनी त्या माणसाच्या नमुन्याच्या खोक्यातली एक बाटली हुंगली. "आंबा आहे. सरबत का?"

"नाही मॅडम, व्हेपचं लिक्विड. ई-सिगारेटमध्ये भरतात." त्यानं बॅगेतून पेनासारखी एक नळी काढून दाखवली.

"त्याच्यावर तं बंदी आहे ना?" मी विचारलं.

"ते सरकारचं झालं. आम्ही आमचं स्टँडर्ड स्वतः पाळतो. सेल्फ-रेग्युलेशन! हंड्रेड परसेंट सेफ."

प्रकाश माझ्याकडे बघेना. "काकू, शेवटचा चान्स आहे माहा," एवढंच पुटपुटला. मला ओरडावंसं वाटत होतं, पण त्याच्या घरची चूल मी थोडीच पेटवणार होते? शाळा सुटली होती. पिंकी येऊन बाकड्याच्या टोकाला बसली.

शांताबाई म्हणाल्या, "स्वतःचं तपासता, चांगलं आहे. आमीबी तेच करतो. मंग नियम पाळा. पहिला तुमचा. भरा त्या नळीत अन् ओढा आमच्यासमोर."

तो हसला. कोणीच हसेना, तेव्हा थांबला.

"मी घेत नाही हो."

"काऊन?"

"घरी लहान मुलगी आहे. तिच्यासमोर..."

पिंकी रोज आमच्यापैकी एकेकाची जीभ बघते. सवयीनं तिनं त्याच्याकडेही पाहिलं.

"काका, जीभ दाखवा ना!"

प्रकाश उठला. नमुन्याचा खोका उचलून त्यानं त्या माणसाच्या मांडीवर ठेवला.

"घेऊन जा जी. माह्याबी घरी आहे."