देवकीचा आखडलेला जबडा

धाकटी डहाणू गावची देवकी बाजारात हाका मारून मासळी विकायची. २०१७ साली तिचा जबडा आखडला. तोंडात जेमतेम एक बोट जाई, मग ओरडणार कुठून? शेजारी बसणारी धाकटी जाऊ क्रांती मात्र खणखणीत हाका मारी आणि देवकीची जुनी गिऱ्हाईकंही तिच्याकडे वळत. ते पाहून देवकी दिवसभर जळायची.

शेवटी क्रांतीच तिला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी कानापुढचा सांधा चाचपला. "सुईने सांधा आतून धुऊ आणि औषधाचं इंजेक्शन देऊ. पण तुम्ही दात आवळून बसता का?"

"हिची मासळीची पाटी रिकामी झाली की आवळतेच," देवकी पुटपुटली. क्रांतीने मान खाली घातली.

इंजेक्शननंतर आठ-दहा दिवसांत तोंडात दोन बोटं जाऊ लागली. देवकी बाजारात परतली, तर क्रांती पलीकडच्या रांगेत जाऊन बसलेली.

"का गो, तिथं का बसलीस?"

"जाऊबाई, तुमचा जबडा बरा राहावा म्हणून."

देवकीला लाज वाटली. तिने क्रांतीची पाटी उचलून पुन्हा आपल्या शेजारी आणून ठेवली. दुपारी क्रांतीने पुढे केलेला मऊ भातही तिने खाल्ला. पण त्या पाटीत किती मासळी उरली, हे बघायचं मात्र तिने टाळलं.