कोऱ्या बशीतला उजेड

आमच्या धाराशिवच्या प्रयोगशाळेत वीरप्पा एकतीस वर्षं शिपाई आहेत. मूळचे उमरग्याकडचे, घरी कन्नड बोलणारे, दहावी नापास. पण त्यांच्या हातून पेशी वाढवायची काचेची एक बशी फुटेल तर शपथ! वापरलेल्या बशीतल्या पेशी फेकण्याआधी ते मायक्रोस्कोपातून एकदा बघणार म्हणजे बघणारच. "जिता जीव हाय, न बघता कसा टाकू?" आम्ही संशोधन करणारे हसायचो.

आमच्यातलीच एक, तेर गावची श्रावस्ती तीन वर्षं एकाच गोष्टीमागे लागली होती. कॅन्सरचं एक औषध पेशीच्या आत पोचतं की नाही, ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तिनं त्याला इरिडियम धातूचं चमकणारं संयुग जोडलं. निळा प्रकाश टाकला की ते हिरवट-पिवळं उजळतं. औषध जाईल तिथं उजेड. दसऱ्यानंतर तिनं एका बशीत औषध घातलं, तशाच पेशींची दुसरी तुलनेसाठी कोरी, बिनऔषधाची ठेवली. पहिलीतल्या पेशी अशा झगमगल्या की दुसरी बघायच्या आधीच प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी पेढे मागवले. श्रावस्ती आईला फोन करून रडली.

संध्याकाळी फेकण्याआधी वीरप्पांनी कोरी बशी पाहिली. तीही झगमगत होती.

त्यांना लगेच आठवलं. खंडेनवमीला त्यांनी सगळ्या यंत्रांना हळदकुंकू वाहिलं होतं, आणि भक्तीच्या भरात पेशींच्या खाद्याच्या बाटलीलाही, अगदी झाकणावर. उघडताना चिमूटभर हळद आत गेली असणार, आणि दोन्ही बशांना खाद्य त्याच बाटलीतलं. हळदही त्या निळ्या प्रकाशात तशीच चमकते, हे श्रावस्तीनंच त्यांना एकदा हौसेनं दाखवलं होतं. बशी गुपचूप धुऊन टाकली असती तर कुणाला काय कळणार होतं? खरं सांगतो, मी टाकली असती.

ते बशी घेऊन तिच्यासमोर उभे राहिले. "ताई, ह्यो उजेड तुमचा न्हाय. माज्या हळदीचा हाय."

श्रावस्ती भडकली. "मामा, पेढे वाटून झाले! आता सांगताय?"

"व्हय. मला काय बी बोला. पर ह्या उजेडावर भरवसा ठिवून उद्या कुनाला औषध दिलं, तर?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनंच सरांना सांगितलं आणि नव्या बाटलीनं सगळं पुन्हा मांडलं. आठ दिवस वीरप्पांना घास गोड लागला नाही.

मग निकाल बघायला तिनं सगळ्यांच्या आधी त्यांनाच मायक्रोस्कोपाशी बसवलं. औषधाच्या बशीत मोजकेच बारीक ठिपके उजळत होते. पण पेशींच्या आत होते. शेजारच्या पडद्यावर तेच बघून श्रावस्ती आनंदानं ओरडलीच. तिनं कोरी बशी पुढं सरकवली. वीरप्पा त्या बशीवरून डोळा काढेनात.

"मामा, त्यात काय बघताय? नुसता अंधार तर आहे."

"त्योच बघतोय, ताई," ते म्हणाले, आणि डोळे पुसायला त्यांनी चष्मा काढला.