दोन बोटं माया

रूथमावशी गेल्या त्या दिवशी मी त्यांच्याकडे जाणारच होते, असं गेल्या सहा आठवड्यांत मी निदान दहा जणांना सांगितलं असेल. ते खरं नाही. मी जाणार नव्हते. सोमवारी सकाळी शाळेत परिपाठ संपून पोरं वर्गात शिरत असताना शेजारच्या शबानाभाभींचा फोन आला, "बाई, रूथमावशी गेल्या. चहा ठेवला होता गॅसवर, तिथंच खाली बसल्या अन्..." पुढचं मला ऐकू आलं नाही. माझ्या मनात पहिला विचार दुःखाचा आला नाही, हे लिहायला लाज वाटते. पहिला विचार आला तो असा, की आता मावशी काय बोलणार होत्या ते मला कधीच कळणार नाही. त्याआधीच्या गुरुवारी मी त्यांना नको ते बोलले होते. त्यावर त्या फक्त "उद्या या" म्हणाल्या होत्या. शुक्रवार गेला, शनिवार गेला, रविवार गेला. मधे फक्त गल्लीचं अंतर होतं आणि मी गेले नाही.

रूथमावशी म्हणजे लोहाऱ्यात आमच्या घरासमोरच्या लेडीज टेलर. पुढच्या खोलीत दुकान, मागं घर. एक पायाची मशीन, कापड कापायचं लांब टेबल, भिंतीवर लहानसा लाकडी क्रूस. नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत वारला, मूलबाळ नाही. दर रविवारी पांढरी साडी नेसून त्या जीपनं नळदुर्गला चर्चमध्ये प्रार्थनेला जायच्या आणि दुपारी परत आल्या की जीपवाल्यानं कुणाला कुणाच्या मांडीवर बसवलं याचं साग्रसंगीत वर्णन करायच्या. म्हणजे बाई चांगल्या बोलक्या होत्या. हे मुद्दाम सांगते, कारण माणूस गेलं की त्याला शांत, सोज्वळ करून टाकायची आपल्याला फार घाई असते. मावशींचंही डोकं तापायचं. कान लाल व्हायचे. फक्त डोकं तापलं की त्या बोलायच्या नाहीत, खडू उचलायच्या.

कापडावर खुणा करायचा तो चपटा निळा खडू. समोरचं माणूस तावातावानं बोलत असलं की मावशी टेबलावर वाकून रेघा ओढायला लागायच्या. एकदा एक बाई बाही तंग झाली म्हणून भांडत होती, ब्लाउज तोंडावर फेकायचा तेवढा बाकी होता. मावशींनी एक रेघ ओढली, मग दुसरी, मग एक वाटोळं. पाचेक मिनिटांत ती बाईच वाकून बघायला लागली, "काय काढायल्या हो?" मावशी म्हणाल्या, तुमचा दंड. दोघी हसल्या आणि बाही उसवायला घेतली. मी तिथंच स्टुलावर बसले होते आणि माझा जळफळाट चालला होता. बाही मापाप्रमाणंच होती. दंडच वाढला होता. मी असते तर चांगलं सुनावलं असतं.

ती बाई गेल्यावर मी विचारलं, हे रेघोट्यांचं काय खूळ? तेव्हा त्यांनी सांगितलं. तरुणपणी त्या माझ्याहून फटकळ होत्या. धाकट्या बहिणीला रागाच्या भरात एक वाक्य बोलल्या आणि बहीण नऊ वर्षं उंबऱ्याला शिवली नाही. ते वाक्य काय होतं, हे त्यांनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्याच काळात एका रविवारी चर्चच्या पाळकसाहेबांनी बायबलातली एक गोष्ट सांगितली. व्यभिचारात धरलेल्या एका बाईला ओढत प्रभूसमोर आणलेलं, भोवती माणसं हातात दगड घेऊन उभी, बोल, हिचं काय करायचं ते लवकर बोल, म्हणून हट्टाला पेटलेली. आणि प्रभू काहीच न बोलता खाली वाकून बोटानं जमिनीवर लिहीत बसला.

"काय लिहिलं ते कुणालाच ठाव न्हाय, बाई," मावशी म्हणाल्या. "पाळकसाहेब म्हणले, त्या माणसांची पापं लिहिली असतील. मला न्हाय तसं वाटत. मला वाटतंय, त्यानं कायच लिहिलं नसंल. समद्यांची डोकी तापलेली. जरा दम खाल्ला असंल, अन् वर विचारलं असंल, बापा, आता काय बोलू?"

आधी वर विचारायचं, मग समोर बोलायचं, एवढाच त्यांचा नेम होता. मी देवाधर्माची फारशी नाही, पण ही युक्ती मला पटली. दुसऱ्या दिवसापासून वर्गात राग आला की मी फळ्यावर एक रेघ ओढायला लागले. आठवड्याभरात पोरांना ते कळलं. मी खडू उचलला की मागच्या बाकावरून आवाज यायचा, "बाई रेघ मारायल्यात, गप बसा रे." मावशींना सांगितलं तेव्हा डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. पण ते शाळेपुरतं. घरात फळा नसतो.

आमची कायमची कुरबुर मायेवरून चालायची. शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतात ती माया. मावशी ती भरपूर सोडायच्या आणि मला काखेत टोचायचं. मी म्हणायचे, माझं माप ठरलेलं आहे, कमी सोडा. त्या म्हणायच्या, "माणूस हाय तसंच राहतंय व्हय, बाई? आत माया असली तर उसवून मोठं करता येतंय. नसली तर फाटतंयच." शेवटी माझ्या हट्टापुढं त्यांनी हात टेकले. माझ्या कापडाला टाचलेल्या चिठ्ठीवर कायम लिहिलेलं असायचं, बाई, माया कमी.

आता त्या गुरुवारचं. माझी एकुलती एक लेक तेजू पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होती. अभ्यास जोरात चाललाय, असं मी स्टाफरूममध्ये रोज सांगत होते. त्या दुपारी कळलं, की तीन महिन्यांपूर्वीच तिनं अभ्यास सोडला आणि कपड्यांचं कटिंग शिकायला लागली. फोनवर तिनंच सांगितलं. वर हेही सांगितलं, की मावशीला पहिल्यापासून माहीत आहे. लहानपणी तेजू शाळा सुटली की त्यांच्या टेबलाखाली चिंध्या गोळा करत बसायची, ते सगळं माझ्या डोळ्यांपुढं आलं. मी चपला न घालता गल्ली ओलांडली. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण एक वाक्य शब्दन् शब्द आठवतं. "तुम्हाला स्वतःचं लेकरू असतं ना मावशी, तर दुसऱ्याचं असं नासवलं नसतं."

मावशींनी खडू उचलला. इतका दाबून ओढला, की तो मोडला. त्यांनी तुकडा उचलून पुन्हा ओढायला सुरुवात केली. कान लालबुंद झाले होते. वर न बघता म्हणाल्या, "बाई, उद्या या. आज मी बोलले तर मलाच माफ करता यायचं न्हाय." आणि मी काय म्हणावं? मी म्हटलं, लिहा, लिहा, काय लिहायचं ते लिहा. आणि निघून आले.

त्या चार दिवसांत मी त्यांच्या दाराकडे बघायचं टाळत होते. दफनाच्या वेळी मूठभर माती टाकायची म्हणून सगळे एकेक पुढं सरकले, मीही सरकले, पण माती हातातून सुटेना. मागच्या बाईनं कोपर लावलं तेव्हा सुटली. तेव्हापासून माझं एका जागी बूड टिकत नाही. वह्या तपासायला घेते आणि उठते. कुकरच्या शिट्ट्या मोजताना विसरते. शुक्रवारी गेले असते तर त्या काय बोलल्या असत्या? रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. माफ केलं असं म्हणाल्या असत्या तर... तेही मला सोसलं नसतं बहुतेक.

तीन आठवड्यांनी त्यांची धाकटी बहीण सोलापूरहून दुकान आवरायला आली. नऊ वर्षं न बोललेली तीच. ज्याची त्याची कापडं ज्याला त्याला देत होती. माझा हिरवा ब्लाउजपीस माझ्या हातात ठेवला, कापलेला, शिवायचा राहिलेला. चिठ्ठी टाचलेली होती. त्यावर नेहमीप्रमाणं कापल्याचा वार होता. शुक्रवार. खाली त्यांच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, बाई, माया दोन बोटं.

मी ती चिठ्ठी घेऊन स्टुलावर बसले आणि मोठ्यानं रडले. बहिणीनं पाणी आणून दिलं. आता कुणी म्हणेल, मिळालं की उत्तर. मला तशी खात्री नाही. वर्षभरात माझं अंग सुटलंय, म्हणूनही सोडली असेल. मावशींची नजर तशी पक्की होती.

त्याच आठवड्यात शनिवारी तेजू आली. त्या गुरुवारच्या फोनपासून आमचं बोलणं नव्हतं. माझ्याशी न बोलताच ती समोर गेली, मावशींच्या बहिणीला विचारून मशीनवर बसली आणि माझा ब्लाउज शिवायला घेतला. मीही मागोमाग गेले. "परीक्षेचा फॉर्म तरी भरलास का?" हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. टेबलावर निळा तुकडा पडलेला होता. तो उचलून मी रेघा ओढायला लागले, मावशींच्या पुसट रेघांच्या शेजारी. वर विचारायला मला जमत नाही. पण पाचव्या-सहाव्या रेघेला तेजू आपण होऊन बोलायला लागली. पुण्याची खोली, अभ्यासिकेत बसून येणारी धडधड, मला सांगायची भीती. "तुला सांगायला गेलं की तू उत्तर आधीच तयार ठेवतीस," ती म्हणाली. अर्धा तास ती बोलत होती आणि मी एकदाही मधे तोंड घातलं नाही. असं तिच्या जन्मापासून बहुधा पहिल्यांदाच झालं.

मग तिनं शिवण उलटी करून बघितली. "आई, आत लई माया सोडलीय मावशीनं. तुला टोचंल. कापू का?"

मी म्हटलं, राहू दे.

आता तो ब्लाउज घालून मी शाळेत जाते. फळ्यावर लिहायला हात वर केला की काखेत टोचतं.