तळघरातला मोर

तळघरात हिवाळ्यासाठी आंबवायच्या कोबीचं पिंप पुरायला स्पासेने खड्डा खणला आणि कुदळीखाली जुन्या फरशीत रंगीत खड्यांनी जडवलेला मोर निघाला. गावाच्या खालच्या अंगाला जुन्या रोमन शहराचं उत्खनन चालू होतं आणि तिथली घरं सरकारने ताब्यात घेतली होती. स्पासेने घाईघाईने मोरावर वाळू लोटली आणि बायकोला, ल्युप्काला, दरडावलं, "हे बाहेर फुटलं तर घर गेलंच म्हणून समज!"

तेव्हापासून घर एकटं टाकायचं नाही, असा त्याचा दंडक झाला. स्कोपियेला मुलीचं लग्न झालं तेव्हाही तो एकटाच गेला. ल्युप्का घर राखत बसली.

पुढे स्पासे वारला. त्याच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी आटोपल्यावर ती उत्खननावर गेली आणि तिथल्या प्रमुख बिल्यानाबाईंना सगळं सांगून मोकळी झाली. बाई हसल्या.

"अहो मावशी, शहर तुमच्या अख्ख्या आळीखाली पसरलंय, आम्हाला ठाऊकच आहे. पण एवढं खणणार कोण? राहा खुशाल."

"म्हणजे घर कुणी नेणारच नव्हतं?"

"छे हो!"

ल्युप्काच्या डोळ्यांपुढे लेकीचा पांढरा झगा आला. तो तिने फक्त फोटोत पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप घालून, लेकीकडे जायला ती थांब्यावर आली. बस आली. ड्रायव्हर म्हणाला, "चढताय ना काकू?"

"चूल तशीच राहिली रे पेटती," म्हणत ती माघारी वळली. चूल तिने त्या दिवशी पेटवलीच नव्हती.