साडेपाच तास मागची यादी

संयोगिता मूळची नेसरीची, सासर राधानगरीच्या अलीकडं. दारात दोन म्हशी, आणि कोल्हापुरात दूध संघाच्या ऑफिसात संगणकाचं काम. धारा काढायच्या, डबा भरायचा, एसटी धरायची आणि दहाला खुर्चीत. शिक्षण बी.ए.; बाकी सगळं खुर्चीत बसूनच शिकली. तिला कुणी इंजिनियर म्हणत नाही, तिचंही त्यावाचून काही अडत नाही.

त्या दिवशी आकाराम येऊन बाकावर बसला. माजावर आलेल्या म्हशी भरवायचं, म्हणजे कृत्रिम रेतनाचं, संघाचं काम तो एकवीस वर्षं करतोय. पण गेल्या दोन महिन्यांत त्यानं भरवलेल्या म्हशी एकामागून एक उलटत होत्या, गाभण राहत नव्हत्या. एक तारखेपासून त्याच्या भागातली गावं दुसऱ्याला द्यायची ठरली होती. उरले होते आठ दिवस.

त्याच्या मागोमाग धोंडुबाई आली, तक्रार घेऊनच.

"आकाराम, हातात भुसा भरलाय व्हय रं? तीनदा भरवली, तीनदा उलटली. पहाटे पाचला संघाला फोन केला, तर तू सातला दारात. पहाटंच्या माजाला सांजंला भरवायची, हे माझ्या सासूलाबी ठावं हुतं."

"संघानं धाडलेल्या यादीत रात्री साडेअकराचा माज लिवलाय आक्का. रात्रीच्या माजाला सकाळी जायचं, म्हणून आलतो." त्यानं मोबाईल पुढं केला.

"साडेअकराला? मी आठाला झोपतो. फोन काय म्हशीनं केला?"

संयोगितानं धोंडुबाईच्या फोनची नोंद उघडली. तिच्या पडद्यावर पहाटेचे पाच. आकारामच्या यादीत आदल्या रात्रीचे साडेअकरा. नोंद एकच.

तिनं संगणक विभागाच्या अमरसिंह साहेबांना बोलावलं. त्यांनी वाकून बघितलं.

"पाचच दिसतंय की. सिस्टीम बरोबर हाय. आकाराम कारणं सांगतोय."

"सायेब," संयोगिता म्हणाली, "ती यादी माणूस काढत न्हाय. रोज सहाला आपोआप निघती. आपण बघतो आपल्या घड्याळानं. ती कंच्या घड्याळानं बघती, हे कुणी तपासलंय?"

"तपास मग. पण यादीला हात लावू नको."

तिनं संगणकाला यादीसोबतच आपोआप चालेल असं एक बारकं काम लावलं. डेटाबेसला वेळ विचारायची आणि लिहून ठेवायची, एवढंच. दुसऱ्या दिवशी बघितलं तर यादी बरोबर सकाळी सहाला निघालेली, आणि लिहिलेली वेळ रात्रीचे साडेबारा.

दोन महिन्यांपूर्वी आकारामच्या भागाचा सर्व्हर बदलला होता, बाकीचे भाग अजून जुन्यावरच होते. नव्याचं घड्याळ जागतिक वेळेवर, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. ऑफिसातून कुणी डेटाबेस उघडला, की त्याचा संगणक भारतीय वेळ सांगायचा, म्हणून सगळ्यांना सगळं बरोबर दिसायचं. यादीच्या कामाला मात्र कुणी काही सांगितलं नव्हतं. ते बिचारं सर्व्हरचं घड्याळ धरून चाललं होतं.

"मग सगळ्या नोंदींत साडेपाच तास मिळवून टाक," साहेब म्हणाले.

"नको. नोंदी चांगल्या हायत. मिळवलं तर पहाटेचे पाच साडेधा व्हतील, मग दुसराच घोळ. यादीचं काम सुरू झालं की पहिल्यांदा त्याला भारतीय वेळ सांगायची. एक ओळ बास हाय."

ती ओळ तिनं आधी नुसत्या चाचणीच्या यादीवर लावून बघितली. मग दोन महिन्यांच्या फोनांची नोंद काढली आणि आकारामला कुठं कधी पाठवलं, ते शेजारी मांडलं. एक्केचाळीस म्हशी वेळेआधी भरवल्या होत्या. तो कागद साहेबांनी दोनदा वाचला.

"ओळ लाव आजच. आणि आकारामला सांग, त्याची गावं त्याच्याकडंच."

"ते तुमीच सांगा की."

सांगितलं त्यांनी. दोन दिवस लागले, पण स्वतः सांगितलं.

धोंडुबाईची म्हस पुन्हा माजावर आली ती पहाटेच. आकाराम सांजंला पाचला गेला. तीन महिन्यांनी गाभ तपासायला गेला तेव्हा रविवार होता, संयोगिताही बरोबर होती. खांद्यापर्यंत हात घालून तो बराच वेळ डोळे मिटून उभा राहिला.

"हाय," तो म्हणाला.

"नीट बघ," धोंडुबाई म्हणाली.

"नीटच बघितलंय."

धोंडुबाईनं गरम पाण्याची बादली आणि साबण त्याच्या पुढं सरकवला, आणि चुलीवर तिघांचा चहा टाकला.