वहिनी पाण्यात उतरली

महेशचा फोन आला तेव्हा मी अलिबागच्या स्टँडसमोर कलिंगड निवडत उभा होतो. "काका, आई गेली," एवढंच तो म्हणाला. नलूवहिनी आठवडाभर इस्पितळात होती. हृदय थकलंय, असं डॉक्टर सांगत होते. तरी आदल्या संध्याकाळी तिनं मला बजावलं होतं, "भाऊजी, उद्या येताना कलिंगड वाजवून बघून आणा. आजचं नुसतं पाणी होतं." मी ते कलिंगड हातात तसंच धरून रिक्षात बसलो. रिक्षावाल्याला काय वाटलं असेल कोण जाणे... इस्पितळाच्या दारात पोचेपर्यंत ते मी मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं.

वहिनी आमच्या घरात आली तेव्हा मी शाळेत होतो, म्हणून तिला अगंतुगंच करत आलो. ती मात्र मला पहिल्या दिवसापासून 'भाऊजी' आणि 'तुम्ही' म्हणायची, आणि अर्ध्या चड्डीतल्या पोराला त्याचा भारी अभिमान वाटायचा. तिचं माहेर माणगावकडचं, भातशेतीचं. आमचं गाव मुरुडच्या वाटेवर. घरामागे नारळाची वाडी आणि वाडी संपली की समुद्र. तिला त्याची धास्तीच होती. "एवढं मोठं पाणी आणि त्यातलं घोटभर पिता येत नाही, काय कामाचं?" म्हणायची. पुढे पर्यटक येऊ लागले. दादानं वाडीत दोन खोल्या बांधल्या, मग त्यांवर मजला चढवला. घावणे, सोलकढी, जिताड्याचं कालवण, सगळं वहिनीच्या हातचं. लोक मुंबईहून तिच्या जेवणासाठी यायचे. पण एवढ्या वर्षांत तिचे पाय घोट्याच्या वर कधी भिजले नव्हते. लॉजच्या गच्चीवर वाळवण घालतानासुद्धा ती समुद्राकडे पाठ करून बसायची.

मग तो मुलगा बुडाला. कॉलेजातला, मित्रांबरोबर आमच्याकडेच उतरलेला. आमच्या लॉजपासून थोड्या अंतरावर गावचा ओढा समुद्राला मिळतो. तिथं वाळू दरवर्षी जागा बदलते, खाली खड्डे पडतात आणि ओहोटीला पाणी आत खेचतं. गावातल्या कुणालाही विचारलं तरी त्यानं हे सांगितलं असतं, पण विचारणार कोण आणि सांगणार कोण? दुसऱ्या दिवशी त्याचे आईवडील सामान न्यायला आले. वहिनीनं त्याचे दोरीवरचे कपडे घडी घालून ठेवले होते. आई त्या घडीवर हात फिरवत राहिली आणि मग वर बघून तिनं विचारलं, "सकाळी जेवला होता का हो तो?"

"घावणे खाल्ले," वहिनी म्हणाली. "पुन्हा मागून घेतले."

"पोटभर ना?"

"पोटभर."

ती दोघं गेल्यावर वहिनी ओसरीवरून उठलीच नाही. संध्याकाळी मी निघालो तेव्हा म्हणाली, "भाऊजी, मी त्याला खाऊ घातलं आणि तिकडे पाठवलं. कुठं जाऊ नको, एवढं एक वाक्य माझ्या तोंडून गेलं नाही. का, तर मलाच ते पाणी माहीत नाही."

आठवड्याच्या आत ती नसरीनबाईंकडे गेली. नसरीनबाई शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या, मोहल्ल्यातल्या, लहानपणापासून समुद्रात पोहलेल्या. "मला शिकवा," म्हणाली. पन्नाशी ओलांडलेली बाई, अंगात जुना सलवार-कमीज, केसांना घट्ट रुमाल, आणि पहाटे गुडघाभर पाण्यात उभी राहून देवाचं नाव घेत्येय... गावाला आयता तमाशा मिळाला. दादा वैतागला. "अगं, गाव हसतंय."

"हसू दे. तेवढेच दात तरी दिसतात त्यांचे."

ती शिकली. हळूहळू, नाकातोंडात पाणी जाऊन, दोनदा सोडून देऊन पुन्हा शिकली. ज्या दिवशी पाठीवर तरंगता आलं त्या दिवशी तिनं मला फोन केला. "भाऊजी, कान पाण्यात गेले ना, की गावाचा सगळा आवाज बंद होतो. एवढी शांतता मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकली!" तिच्या मागोमाग आणखी बायका उतरल्या. गावानं त्यांचं नाव ठेवलं 'पाणबाया'. वहिनीला ते नाव आवडलं. पुढे ती स्वतःच फोनवर सांगायची, "आज पाणबायांची सभा आहे."

पण त्या पावसाळ्यानंतर तिच्या पायांवर पुरळ उठलं. नसरीनबाईंचा कान वाहू लागला. आणखी एकीला तेच. डॉक्टरांनी मलम दिलं आणि पोहण्याची जागा बदला म्हणून सांगितलं. वहिनीनं जागा बदलण्याआधी दुसरंच केलं. एका सकाळी ती ओढ्याच्या तोंडापासून उलटी वर चालत निघाली. मी त्या दिवशी गावातच होतो, म्हणून बरोबर गेलो. नाकाला पदर लावून ती एकेका लॉजच्या मागे थांबत होती. कुठं केवड्याच्या बेटाआड, कुठं फरशीखालून पाइप ओढ्यात सोडलेले. काळं, फेसाळ पाणी आणि वास. आमच्या वाडीच्या कुंपणापाशी ती थांबली. तिथंही एक पाइप होता. मजला चढवला तेव्हा संडासाची टाकी पुरेना, म्हणून दादानं वरचं पाणी तिकडे काढून दिलं होतं. वहिनीला त्याचा पत्ताच नव्हता. तिनं वाकून तो पाइप नीट बघितला. मला वाटलं, चिडेल. ती फक्त म्हणाली, "चला, जेवणाची वेळ झाली."

दादा जेवायला बसला. तिनं वाढलं, मग त्याच्यासमोर बसली. "आपण पाहुण्यांना पानात काय वाढतो ते मला माहीत आहे. पाण्यात काय वाढतो ते आज कळलं."

दादाचा घास हातात राहिला. "सगळेच सोडतात," तो म्हणाला.

"सगळ्यांचं सगळे बघतील. आपला पाइप उद्या बंद."

"उद्या? अगं, सीझन तोंडावर आलाय. वाडी खणावी लागेल. लॉज बंद ठेवावा लागेल."

"मग बंद ठेवू. त्या बाईला मी पोटभर म्हणून सांगितलंय. आता कुणाच्या आईला दुसरं काही सांगायची माझ्यात ताकद नाही."

दादा तसा हट्टी माणूस, पण त्या दिवशी त्यानं ताट पुढे सरकवलं नाही. सावकाश जेवला, हात धुतला आणि गवंड्याला फोन लावला. दिवाळीच्या ऐन गर्दीत आमच्या फाटकाला कुलूप होतं. आत नवी टाकी बसत होती, शोषखड्डे खणले जात होते. दोन जुने माड तोडावे लागले. दादाच्या हातचे. तो त्या दिवशी वाडीत फिरकला नाही.

ते झाल्यावर वहिनीनं ओढ्याच्या तोंडाशी लाल फलक लावला: 'इथे पाण्यात उतरू नका. पाणी घाण आहे आणि खेचतं.' मग गाव खरोखर पेटलं. देवळात बैठक झाली. शेजारच्या लॉजचे प्रभाकरशेठ सगळ्यांत पुढे. "वहिनी, तुम्ही पोटावर पाय देताव आमच्या. घाण हाय असा लिवला तर कोन येल हिकडं?"

"शेठ, मी खोटं लिहिलंय का?"

"खोटा न्हाय. पन सगला खरा लिवायचा असतंय का?"

फलक एका सकाळी नाहीसा झाला. तिनं दुसरा लावला. तोही गेला. मग दर रविवारी ती स्वतःच तिथं प्लास्टिकची खुर्ची टाकून बसू लागली. गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी, जवळ लांब दोर आणि त्याला बांधलेला तेलाचा रिकामा कॅन. कुणी ऐकायचे, कुणी हसायचे. एक गृहस्थ तर ओरडले, "समुद्र काय तुमच्या मालकीचा आहे?" आणि चालत आत गेले. ओहोटी लागलेली. बघता बघता त्यांचं डोकं किनाऱ्यापासून लांब जाऊ लागलं, हात वर यायला लागले. त्यांची बायको किंचाळली. पुढचं वहिनी नेहमी हसत सांगायची. पोहता येत नव्हतं तेव्हा वाटायचं की अशा वेळी उडी मारावी. पोहायला आल्यावर कळलं की मारायची नसते. तिनं जीव खाऊन शिट्टी फुंकली आणि कॅन भिरकावला. पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदा त्या माणसानं तो छातीशी धरला. दोर हातातून सुटत चालला तेव्हा मागून दोन हात आले आणि त्यांनी तो धरला. प्रभाकरशेठ होते. शिट्टी ऐकून लॉजमधून धावत आले होते. त्यांच्यामागे आणखी माणसं लागली आणि त्या गृहस्थांना ओढून वाळूवर आणलं.

ते सावरले, रडले, बायकोची बोलणी खाऊन गेलेसुद्धा. शेठ मात्र वाळूत बसून राहिले. दोरानं हाताची सालटी निघाली होती. वहिनी त्यावर पाणी ओतत होती. ते म्हणाले, "वहिनी, माझाबी पाइप हाय तिकडं."

"मला माहीत आहे."

"तुमचा गवंडी कोन हाय?"

एकाचं बघून दुसऱ्यानं केलं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. काहींनी केलं, काहींनी वर्षं लावली. ग्रामपंचायतीत खेटे घालून वहिनीच्या चपला झिजल्या. वरच्या अंगाचा एक पाइप अजून चालू आहे आणि पाणबाया त्याच्या मागे लागलेल्या आहेत. पण ओढ्याला आता तो वास येत नाही. मागच्या हिवाळ्यात तिथं पुन्हा बगळे उतरलेले वहिनीनं मला हाताला धरून दाखवले. सीझनला जीवरक्षक असतात, पोहण्याच्या जागेला झेंडे असतात. ओढ्याच्या तोंडाशी त्यानंतर कुणी बुडालेलं नाही. हे लिहितानाही दृष्ट लागू नये म्हणून मी मनात लाकडाला हात लावतो.

वहिनीला निरोप द्यायला सगळं गाव आलं होतं. नसरीनबाई कुंपणापाशी उभ्या होत्या. "नलूताईनं मला सांगून ठेवलंय," म्हणाल्या, "एक दिवस रडा, दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरा." आणि त्या खरंच उतरल्या. तेराव्याला मी पहाटे उठून गच्चीवर गेलो, तर फिकट उजेडात पाणबायांची डोकी झेंड्यांच्या मधोमध हलताना दिसली. कुणीतरी मोठ्यानं हसलं. मला बरं वाटलं.

गेल्या शनिवारी पुन्हा गावी गेलो होतो. दादा काउंटरवर होता. वहिनी गेल्यापासून तो बोलणं विसरल्यासारखा झालाय, असं महेश म्हणत होता. पुण्याचं एक कुटुंब आलं, दोन मुली, आल्या आल्या समुद्राकडे धावायच्या बेतात. दादानं खोलीची चावी काढली, पण दिली नाही. ती मुठीत ठेवून तो काउंटरमागून बाहेर आला आणि त्या चौघांना घेऊन वाडीतून थेट वाळूवर गेला. मी मागोमाग. त्यानं हात लांब करून झेंडे दाखवले, ओढा दाखवला. "तिकडं जायचं नाही. झेंड्यांच्या मधेच. आणि आमची मंडळी म्हणते, ओहोटी लागली की पाणी कितीही गोड वाटलं तरी बाहेर यायचं."

"पाणी स्वच्छ आहे ना?" मुलींच्या आईनं विचारलं.

"आज आहे," दादा म्हणाला. "नसेल त्या दिवशी ती उतरू देत नाही कुणाला."

ती बाई हसून इकडेतिकडे बघू लागली, ही कोण ते दिसतं का म्हणून. दादानं चावी तिच्या हातात दिली. मुली झेंड्यांच्या दिशेनं पळाल्या.