डीटर सरांचा नारळ

हसायचं नाही, आधी कबूल करा. बरं, हसा, पण चहा खाली ठेवून!

मी शारजातल्या एका शाळेत केमिस्ट्री शिकवते. आमचे प्रिन्सिपल डीटर सर, पक्के जर्मन. तिकडे कुठल्याशा लहान गावात फिजिक्स शिकवता शिकवता व्हाइस प्रिन्सिपल झाले, मग इकडे आले आणि थेट आमच्या डोक्यावर बसले. माणूस देवमाणूस हो, पण शिस्त! साडेसातची मीटिंग म्हणजे साडेसातला दार बंद.

तर त्या आठवड्यात सर 'हेड ऑफ सायन्स' नेमणार होते. ती पोस्ट मला हवी होती. खोटं कशाला बोलू? जाम हवी होती!

नेमके तेव्हाच सर लॅबमधलं आपलं जुनं कपाट रिकामं करताना दिसले. वर म्हणाले, "बुधवारी मी साठ वर्षांचा होतोय. केक मी आणणार."

साठ पूर्ण, कपाट रिकामं, वर स्वतःच तोंड गोड करणार! आता आणखी काय सांगायला हवं?

बायोलॉजीच्या रुख्सानाला, आमच्या रत्नागिरीवालीला, मी कोपऱ्यात ओढलं. "अगं, सर रिटायर होतायत!"

"या अल्ला! कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? माझे बाबा मास्तर होते, अठ्ठावन्नला घरी बसले. हे तर दोन वर्षं जास्तच राहिले!"

"मग खलास. निरोप झोकात द्यायला हवा."

मी मनात म्हटलं, बरोबर. खूश होऊन गेले, तर जाता जाता पोस्ट आपल्याच पदरात टाकतील!

दुपारपर्यंत अख्ख्या स्टाफरूमला कळलं. दुसऱ्या दिवशी तर लोक मलाच येऊन सांगायला लागले, "मॅडम, पक्की खबर है, सर जा रहे हैं!" घ्या! माझी उरलीसुरली शंकाही फिटली.

घरी मी भाषण पाठ करतेय, तर लेक मोबाइलमधून मान वर न काढता म्हणते, "ममा, डिड यू आस्क हिम?"

"असं विचारतात का कोणाला? माणसाला वाईट वाटतं!"

बुधवारी सर केक कापायला सुरी घेऊन उभे. मी पुढे झाले, शाल पांघरली, हातात नारळ ठेवला आणि सुटले की हो! गावातली ती शाळा, फिजिक्सचे तास, आखातातली सेवा. "आता विश्रांती घ्या सर, नातवंडं खेळवा!" माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की मला आवरत नाही.

"आता जाताय म्हणून सांगते सर, उद्यापासून साडेसातची मीटिंग पावणेआठला, इन्शाल्ला!"

काय हशा पिकला म्हणता! सर तेवढे हसले नाहीत. शाल सावरत म्हणाले, "मिसेस साळवी, मी कुठे चाललोय?"

"सर... रिटायर?"

"आमच्याकडे लोक सदुसष्टला रिटायर होतात. मला अजून सात वर्षं आहेत."

"आणि कपाट?"

"नवी उपकरणं येतायत."

"मग केक?"

"जर्मनीत ज्याचा वाढदिवस, त्यानेच केक आणायचा."

मी रुख्सानाकडे पाहिलं. बाई पर्समध्ये तोंड घालून काहीतरी शोधत होत्या. बाहेर पडल्यावर म्हणते कशी, "तू सरांना नारळ दिलास, आता सर तुला देणार!"

गुरुवारी सरांनी बोलावलं. पोस्ट गेली खड्ड्यात, नोकरी राहिली तरी पुष्कळ!

"दोन दिवसांत अख्खा स्टाफ तुम्ही एका कामाला लावलात," सर म्हणाले. "मला ते आजवर जमलेलं नाही. हेड ऑफ सायन्स तुम्हीच. फक्त यापुढे आधी निरीक्षण, मग निष्कर्ष. आणि साडेसातची मीटिंग आता तुम्ही घ्यायची."

तर झाले मी हेड! रोज सव्वासातला धापा टाकत पोचते. सरांच्या केबिनमध्ये गेले की टेबलावर समोर तो नारळ. परवा धीर करून म्हटलं, "सर, खराब होईल हो, फोडून टाका ना."

सरांनी तो उचलला, कानाशी धरून हलवला आणि जपून जागेवर ठेवला. "रिटायर होईन तेव्हा फोडू. तुमचं भाषण तर तयारच आहे!"